देश, काळ, पात्र आणि परका सेवक

परक्या देशात जाऊन सेवा करण्याचा अधिकार माणसाला कोण देतो, हा प्रश्न जितका राजकारणाचा तितकाच धर्मविचाराचा आहे. आपल्या गावात, आपल्या भाषेत केलेल्या सेवेबद्दल सहसा वाद होत नाही. तिथे सेवकाला हटकणारे, त्याची थट्टा करणारे आणि वेळ आली तर त्याला घरी बसवणारे लोक आजूबाजूलाच असतात. पण हजारो मैलांवरच्या खेड्यात, जिथे भाषा येत नाही, प्रार्थना वेगळी आणि जेवायला बसण्याची रीतही वेगळी, तिथे 'तुमच्या उपयोगी पडायला आलो' असे सांगणाऱ्याची पारख कोणी आणि कशी करायची?

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. सात्त्विक दान कर्तव्य म्हणून द्यायचे, परतफेड न करू शकणाऱ्याला द्यायचे आणि देश, काळ, पात्र पाहून द्यायचे. परदेशी गेलेल्या सेवकाला या कसोट्या लावल्या तर तो पहिल्याच दिवशी अडतो. देश त्याला ठाऊक नाही. पेरणी कधी, उपास कधी, कोणत्या दिवशी कोणाच्या दारी जायचे नाही, हा तिथला काळही ठाऊक नाही. पात्र कोण हे ठरवण्याइतकी माणसांची ओळख तर नाहीच. राहता राहिली परतफेड न करणाऱ्याला देण्याची अट. तीही टिकत नाही, कारण सेवकाने काही देण्याआधीच गाव त्याला जेवू घालू लागते.

अशा सेवेचा संघटित इतिहास शंभर वर्षांचा आहे. स्विस शांततावादी पिएर सेरेसोल याने 1920 मध्ये पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या फ्रान्समधील व्हर्दूनजवळच्या एका गावात वेगवेगळ्या देशांतले स्वयंसेवक नेले. त्यांत जर्मनही होते. काल शत्रू असलेल्यांनी आज घरे बांधून द्यावीत ही कल्पना उदात्त होती, पण तिथल्या लोकांना जर्मन हातांची मदत नको होती आणि काही महिन्यांतच शिबिर गुंडाळावे लागले. या चळवळीची सुरुवातच नकाराने झाली हे तिच्या गौरवकथांमध्ये फारसे सांगितले जात नाही, वास्तविक ते आधी सांगायला हवे. सेरेसोलच्या कामातून उभी राहिलेली संघटना पुढे सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल म्हणून ओळखली गेली. 15 जानेवारी 1934 च्या भूकंपानंतर सेरेसोल बिहारमध्ये आला आणि राजेंद्रप्रसादांच्या मदतकार्याशी जोडला गेला. ब्रिटनमध्ये 1958 साली व्हीएसओ (व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज) सुरू झाली. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी 1 मार्च 1961 रोजी पीस कोअर स्थापन केली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिची पहिली तुकडी घानामध्ये उतरली. जपानचा स्वयंसेवक कार्यक्रम 1965 चा, संयुक्त राष्ट्रांचा 1970 चा. या सगळ्यांत पीस कोअरची रचना विचार करण्याजोगी आहे, कारण तिथे स्वयंसेवक पंधरा दिवसांच्या शिबिरासाठी जात नाही. तीन महिन्यांचे प्रशिक्षण आणि मग दोन वर्षे एकाच ठिकाणी मुक्काम, असा सुमारे सत्तावीस महिन्यांचा करार असतो. भत्ता स्थानिक राहणीमानाला धरून मिळतो. या कार्यक्रमाची तीन उद्दिष्टे कायद्यात लिहिलेली आहेत: यजमान देशाला प्रशिक्षित माणसे पुरवणे, तिथल्या लोकांना अमेरिकनांची ओळख होणे आणि अमेरिकनांना इतर लोकांची ओळख होणे. तीनपैकी दोन उद्दिष्टांचा हातातल्या कामाशी थेट संबंध नाही, हे पुढच्या विवेचनासाठी लक्षात ठेवायला हवे.

पश्चिम आफ्रिकेतील सेनेगलमध्ये पीस कोअरचे स्वयंसेवक 1963 पासून आहेत. देशाची बहुतांश वस्ती मुस्लिम आहे, आणि मुरीद, तिजानी अशा सूफी पंथांचा तिथल्या जीवनावर खोल ठसा आहे. राज्यकारभाराची भाषा फ्रेंच असली तरी खेड्यात चालते ती वोलोफ, पुलार, सेरेर किंवा मांडिंका. शेती, आरोग्य किंवा असेच एखादे काम घेऊन आलेला स्वयंसेवक प्रशिक्षणाच्या काळातच एखाद्या कुटुंबात राहायला जातो, आणि पुढे नेमणुकीच्या गावीही बहुधा एखाद्या कुटुंबाच्या आवारातच त्याची खोली असते. पहिल्या काही दिवसांत त्याला नाव मिळते. आईबापांनी ठेवलेले नाव गावाला उच्चारायला अवघड, म्हणून घरातल्या कोणाचे तरी नाव दिले जाते आणि त्या नावाची व्यक्ती त्याची विशेष नातलग ठरते. सोबत घराण्याचे आडनावही येते, आणि ते बिनकामाचे नसते. सेनेगलमध्ये ठरावीक आडनावांच्या लोकांमध्ये थट्टेचे नाते असते. जोप आडनावाच्या माणसाला न्जाय आडनावाच्या माणसाने खादाड म्हणावे, आपला नोकर म्हणावे, आणि जोपनेही तसेच उत्तर द्यावे, ही रीत आहे. परका पाहुणा जोप झाला की बाजारातली अनोळखी न्जाय बाई त्याला बिनदिक्कत टोमणा मारू शकते. ज्याची थट्टा करता येत नाही असा माणूस गावात फार काळ राहिला तर तो साहेब होतो. नाव देऊन गाव पहिल्याच आठवड्यात त्याला साहेबपणातून खाली उतरवते.

दिवस पहाटेच्या अजानने आणि मुसळाच्या आवाजाने सुरू होतो. सेनेगलच्या खेड्यातले रात्रीचे जेवण बहुधा बाजरीचे असते आणि ती कांडण्याचे कष्ट बायकांचे. मराठी वाचकाला हे धान्य ओळखीचे आहे, आणि हेही सांगायला हरकत नाही की बाजरीचे मूळ पश्चिम आफ्रिकेतच आहे. देशावरची भाकरी ही त्या भूमीची हजारो वर्षांपूर्वीची देणगी आहे, ती द्यायला कोणी स्वयंसेवक आला नव्हता. सकाळी गावातून जाताना प्रत्येक दारी थांबून विचारपूस करावी लागते: रात्र शांततेत गेली का, घरचे बरे आहेत का, काम कसे चालले आहे. या विचारपुशीत बराच वेळ जातो आणि ती टाळून थेट कामाचे बोलणारा उद्धट ठरतो. कामाच्या तक्त्यानुसार चालणाऱ्या माणसाला पहिले दोनतीन महिने हा वेळ वाया गेलासा वाटतो. नंतर त्याच्या ध्यानात येते की रोपवाटिकेबद्दल किंवा मुलांच्या लसीबद्दल जे काही ठरते ते याच बोलण्याच्या शेवटी, जाता जाता ठरते.

दुपारचे जेवण म्हणजे बहुधा भात आणि मासे. एका मोठ्या परातीभोवती घरातले सगळे बसतात. प्रत्येकाने आपल्यापुढचा भाग उजव्या हाताने खायचा, दुसऱ्याच्या पुढ्यात हात घालायचा नाही. मासा आणि भाज्या मधोमध असतात, आणि घरातली बाई त्यांचे तुकडे करून ज्याच्या त्याच्या पुढे सारते. पाहुण्यापुढे जास्त सारते. सेवकाची नैतिक अडचण इथे रोज, दोन वेळा, परातीत समोर येते. मोठा तुकडा घेतला तर तो मुलांच्या तोंडचा जातो. नाकारला तर घराचा अपमान होतो. घरखर्चासाठी महिन्याचे पैसे किंवा तांदळाचे पोते देऊन हिशेब चुकता करता येतो, बहुतेक जण तसे करतातही, पण तुकडा पुढे सारणारा हात त्या पोत्याच्या हिशेबात बसत नाही.

संध्याकाळी चहा होतो. लहानशा किटलीत तीन वेळा उकळलेला, दर फेरीला अधिक गोड होत जाणारा हा चहा प्यायला तास-दीड तास सहज लागतो. रस्त्यावरून जाताना मुले 'तूबाब' म्हणून हाका मारतात, म्हणजे गोरा, परका, आणि त्या पाठोपाठ भेट मागतात. मोठी माणसेही मागतात: घड्याळ, सायकल, अमेरिकेचा व्हिसा. नव्या स्वयंसेवकाला हे मागणे टोचते. आपण इतके सोडून आलो, आणि यांना आपल्यात फक्त पाकीट दिसते, असे त्याला वाटते. पण त्या समाजात मागणे हे लाजिरवाणे नाही आणि हसत नाही म्हणणेही उद्धट नाही, 'पुढच्या वेळी, अल्लाची मर्जी असेल तर' एवढे म्हटले की दोघेही आपापल्या वाटेने जातात. मागणाऱ्याकडे खालच्या नजरेने पाहण्याची सवय सेवक आपल्या घरूनच घेऊन आलेला असतो.

सेनेगलमधल्या धार्मिक व्यवहारात तर घेणाऱ्याची जागा विशेष आहे. मुलाचे आजारपण, प्रवास, परीक्षा अशा प्रसंगी मराबू, म्हणजे तिथला धर्मगुरू, अमुक वस्तू दान करायला सांगतो: साखरेचे खडे, मेणबत्त्या, कोला फळे. हे दान रस्त्यावर कटोरा घेऊन हिंडणाऱ्या कुराणशाळेतल्या मुलांना दिले जाते. या प्रथेतली मुलांची हालअपेष्टा हा वेगळा आणि गंभीर विषय आहे, सेनेगलमध्येच तिच्याविरुद्ध जोरदार आवाज उठलेले आहेत. इथे मुद्दा इतकाच की देणाऱ्याला घेणाऱ्याची गरज आहे ही गोष्ट त्या समाजात उघडपणे मान्य आहे. कुराणाच्या नवव्या सुऱ्यात जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. त्यात गरीब आहेत, कर्जबाजारी आहेत आणि वाटसरूही आहे, मग तो आपल्या घरी कितीही संपन्न असो. अमेरिकेहून आलेला तरुण स्वतःला दाता समजून गावात उतरतो, पण गावाच्या धर्मात त्याच्यासाठी आधीपासून जो रकाना आहे तो घेणाऱ्यांच्या यादीतला.

धर्मपरंपरांनी पाठवलेल्या माणसांकडे पाहिले तर ही गोष्ट सगळीकडे आढळते. लूकच्या शुभवर्तमानात येशू सत्तर शिष्यांना गावोगाव पाठवतो तेव्हा थैली नेऊ नका, एकाच घरी राहा आणि पुढ्यात येईल ते खा, असे बजावतो. बौद्ध भिक्खू उपदेश करतो, पण रोज सकाळी पात्र घेऊन गृहस्थाच्या दारी उभाही राहतो. भिक्षा स्वीकारणे हे त्याचे गृहस्थावरचे उपकार मानले जातात, इतके की एखाद्या गृहस्थाचा निषेध करायचा झाल्यास संघ आपले पात्र त्याच्यापुढे पालथे करतो, त्याच्याकडून काही घेणे थांबवतो. 2007 मध्ये म्यानमारच्या भिक्खूंनी लष्करी राजवटीविरुद्ध हेच शस्त्र उचलले होते. महाराष्ट्रात वार लावून जेवणारा विद्यार्थी सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी जेवत असे, आणि त्या घरांचे बरेवाईट त्याला पाठ होई. रामदासांनी तर भिक्षेच्या निमित्ताने लहानथोर माणसे पारखावीत असा व्यवहारी सल्ला दिला. सेनेगलच्या परातीभोवती मात्र उलटे घडते. तिथे परीक्षा होते ती जेवायला बसलेल्या पाहुण्याची, आणि परीक्षक असतात सात-आठ वर्षांची मुले, जी त्याच्या भात वळण्यावर मनसोक्त हसतात.

इव्हान इलिच हा मूळचा व्हिएन्नाचा कॅथलिक धर्मोपदेशक मेक्सिकोतील क्वेर्नावाका इथे लॅटिन अमेरिकेत जाणाऱ्या मिशनऱ्यांना स्पॅनिश शिकवणारे केंद्र चालवत असे. 20 एप्रिल 1968 रोजी त्याने उन्हाळी सेवेसाठी मेक्सिकोच्या खेड्यांत जाणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांपुढे एक भाषण केले. सदिच्छा चुलीत घाला, असा त्याचा रोख होता. त्याचे म्हणणे असे: तुम्ही मेक्सिकोत येता ते नकळत एका जीवनपद्धतीचे विक्रेते म्हणून, आणि ज्यांना ते जीवन कधीच परवडणार नाही त्यांच्यात ती हाव पेरून जाता. तुम्हाला त्यांची भाषा येत नाही, त्यामुळे ते तुमच्याबद्दल काय बोलतात तेही तुम्हाला कळत नाही. सेवाच करायची असेल तर आपल्या शहरातल्या गरीब वस्तीत करा, तिथली माणसे निदान तुम्हाला समजेल अशा शब्दांत तोंडावर हाकलून देऊ शकतील. मेक्सिकोला खुशाल या, डोंगर चढा, फुले पाहा, शिका, पण मदत करायला येऊ नका.

या भाषणाला नंतर अनेक उत्तरे दिली गेली आणि त्यातली बरीचशी हेतूच्या शुद्धतेवर भर देणारी आहेत. ती फुकट आहेत, कारण इलिचने हेतूवर शंका घेतलीच नव्हती. त्याचा खरा मुद्दा नकाराचा होता. ज्याला 'नको' म्हणता येत नाही त्याच्यावर केलेले उपकार हे उपकार नसतात. तैत्तिरीय उपनिषदातल्या शिक्षावल्लीत गुरू शिष्याला निरोप देताना दानाबद्दल सांगतो, तेव्हा श्रद्धेबरोबर लाज आणि भीती यांचाही उल्लेख करतो: देताना संकोच वाटावा, भय वाटावे. देण्याची भीती का वाटावी? घेणाऱ्याची मान खाली जाईल म्हणून, हे एक उत्तर संभवते. 1797 च्या आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात कान्टने हेच अधिक कोरड्या भाषेत मांडले. उपकारकर्त्याने, दुसऱ्याने आपली मदत स्वीकारली याचेच आपल्यावर ऋण झाले असे वागावे, असे तो म्हणतो. आणि पुढे जाऊन विचारतो की एकाजवळ देण्याइतके असणे आणि दुसऱ्याजवळ नसणे हेच जर बहुतेक वेळा राज्यव्यवस्थेच्या अन्यायातून आले असेल, तर त्या मदतीला परोपकार तरी म्हणावे का? डकारसमोरच्या गोरे बेटावरून माणसे गुलाम म्हणून अटलांटिकपार नेली गेली. त्याच किनाऱ्यावर सेवेसाठी उतरणाऱ्या अमेरिकी तरुणाने कान्टचा हा प्रश्न बाजूला सारणे कठीण आहे.

इलिचचे म्हणणे मात्र पंधरा दिवसांच्या पाहुण्याला जितके लागू पडते तितके दोन वर्षे राहणाऱ्याला पडत नाही. भाषा आली की नकारही ऐकू येतो. सेनेगलच्या गावात सहा महिने काढलेल्या स्वयंसेवकाला, त्याने आणलेली झाडे बकऱ्या खातील असे लोक सुरुवातीपासून म्हणत होते, एवढे समजू लागते. पूर्वी तो त्यांच्या मान डोलावण्याला होकार समजत होता. पाहुण्याला तोंडावर नाही म्हणायचे नाही, हा त्यांचा शिष्टाचार होता. सेवकाचे खरे शिक्षण इथे सुरू होते, आणि दुर्दैवाने तोवर कराराचा बराच काळ सरलेला असतो.

नकार ऐकू येण्याची तयारी नसली की काय होते याचे उदाहरण पीस कोअरच्या पहिल्याच वर्षी घडले. ऑक्टोबर 1961 मध्ये नायजेरियातील इबादान इथे प्रशिक्षण घेणाऱ्या एका तरुणीने मायदेशी मित्राला पोस्टकार्ड लिहिले. त्यात तिथल्या मागास राहणीचे, रस्त्यावरच चालणाऱ्या व्यवहारांचे वर्णन होते. कार्ड टपालात पडण्याऐवजी तिथल्या विद्यार्थ्यांच्या हाती पडले, त्याच्या प्रती निघाल्या, निषेधसभा झाली आणि तिला माफी मागून परतावे लागले. मजकुरात खोटे फारसे नव्हते. दुखले ते असे की कार्ड ज्यांच्याबद्दल होते त्यांच्यासाठी नव्हते. गावातल्या लोकांबद्दल त्यांच्या अपरोक्ष, दूरच्या वाचकासाठी लिहिणे हा परदेशी सेवकाच्या दिनक्रमाचा भागच असतो. आज पोस्टकार्डाच्या जागी मोबाइलवरचे छायाचित्र आहे, आणि ते गावातल्या मोबाइलवरही दिसते. घरी कळवताना 'हे वाक्य मला ज्यांच्या घरी जेवतो त्यांच्यासमोर वाचता येईल का' अशी कसोटी लावली तर बरीच वर्णने गळून पडतील.

मुंबईतले एक उदाहरण या संदर्भात आठवते. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या आई लिलियन कार्टर 1966 मध्ये, अडुसष्टाव्या वर्षी, पीस कोअरमधून भारतात आल्या आणि विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत सुमारे एकवीस महिने राहिल्या. पेशाने त्या परिचारिका होत्या. त्यांनी दवाखान्यात काम केले, कुष्ठरुग्णांची शुश्रूषा केली, आणि त्यांचा सत्तरावा वाढदिवस 15 ऑगस्ट 1968 रोजी इथेच झाला. घरी पाठवलेली त्यांची पत्रे 1977 मध्ये पुस्तकरूपाने आली. उतारवयात, दुसऱ्याच्या देशात, स्वतःच्या गैरसोयी सोसत केलेल्या या सेवेत मोठे तत्त्वज्ञान नव्हते. नर्सने रुग्णाकडे पाहावे तसे त्यांनी पाहिले. सेवेचे काम हातात नेमके असले की अधिकाराचा प्रश्न बराच सौम्य होतो, हे त्यातून दिसते. जखम बांधणाऱ्याला कोणी 'तुला कोणी बोलावले' असे विचारत नाही. ज्याला 'लोकांचा विकास' करायचा असतो त्याला ते विचारावेच लागते.

याच्याही पुढचे उदाहरण विदर्भातले आहे. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांसाठी उभारलेल्या आनंदवनात 1950 च्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे अनेक देशांतले स्वयंसेवक येऊन राहिले आणि त्यांनी बांधकामात हात दिला. तोवर रुग्णांनी पिकवलेला भाजीपाला घ्यायला गावातले लोक धजत नसत. परदेशी माणसे तिथेच राहतात, रुग्णांच्या हातचे खातात आणि त्यांना काही होत नाही, हे वरोऱ्याने पाहिले आणि भाजी विकली जाऊ लागली. त्यांनी उभारलेल्या भिंती आनंदवनातली माणसे स्वतःही बांधू शकली असती, बांधत होतीच. रुग्णाने वाढलेले ताट मात्र कोणीतरी बाहेरच्याने घ्यायला हवे होते, आणि गावाच्या शिवाशिवीच्या, भीतीच्या जाळ्यात नसलेल्या माणसाला ते सोपे गेले. परकेपणाचा हा उपयोग कोणत्याही अहवालात कामाच्या सदरात धरला गेला नसता. कामाच्या तासांत न मोजले जाणारे जेवण इथे सेवा ठरले, आणि त्यात देणारे रुग्ण होते.

म्हणून परक्या सेवकाचे समर्थन हेतूत शोधणे व्यर्थ आहे. कामाच्या फळातही ते अर्धेच सापडते. स्वीकारण्याच्या तयारीत मात्र ते बरेच सापडते. देश, काळ, पात्र यांची जी ओळख गीतेने दात्याकडून अपेक्षिली, ती परदेशी सेवकाला त्या गावाकडूनच घ्यावी लागते. भाषा मुलांकडून, ऋतू शेतकऱ्याकडून, कोणाच्या घरी आधी जायचे हे घरातल्या आजीकडून. दोन वर्षांत तो जे शिकवतो त्यापेक्षा शिकतो ते जास्त, अशी कबुली परतलेले स्वयंसेवक सर्रास देतात. ती नम्रतेची भाषा म्हणून सोडून देऊ नये. ती जमाखर्चाची नोंद आहे, आणि तिच्याप्रमाणे कर्ज सेवकाच्या नावावर निघते.

एवढे मान्य करूनही एक विषमता उरते आणि ती कोणत्याही जेवणाने बुजत नाही. सेवक जाऊ शकतो. तो बाजरी खातो, चिमणीच्या उजेडात वाचतो, मलेरियाच्या गोळ्या घेतो. पण आजार बळावला की त्याला राजधानीत आणि गरज पडली तर देशाबाहेर नेले जाते. त्याच आवारात त्याच तापाने फणफणलेल्या मुलाला तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत नेण्यासाठी घोडागाडी शोधावी लागते. व्रत म्हणून पत्करलेली गरिबी आणि वाट्याला आलेली गरिबी यांत व्रत मोडता येण्याचा फरक असतो. मार्च 2020 मध्ये करोनाच्या साथीत पीस कोअरने आपल्या इतिहासात प्रथमच जगभरातले सर्व, सुमारे सात हजार, स्वयंसेवक काही दिवसांत मायदेशी नेले. अनेकांना निरोपही घेता आला नाही. त्यांना परत बोलावणे चुकीचे होते असे म्हणता येणार नाही. पण दोन वर्षे 'आमच्या घरचा' म्हणवलेला माणूस नेमक्या संकटात कोणाच्या घरचा असतो, हे त्या आठवड्यात दोन्हीकडच्यांना स्वच्छ दिसले. मार्च 2022 पासून झांबिया आणि डॉमिनिकन रिपब्लिकपासून सुरुवात करून स्वयंसेवक पुन्हा पाठवले जाऊ लागले.

ही विषमता सेवकाला मिटवता येत नाही, ती लपवायची नाही एवढे त्याच्या हाती असते. 'मी तुमच्यातलाच' असे न म्हणणे, जाण्याची तारीख आल्या दिवशीच सांगून ठेवणे, आपल्यामागे देखभालीला कोणी नसेल असे यंत्र किंवा विहीर उभी न करणे, या साध्या गोष्टी त्यात येतात. आयुष्याचा मोठा भाग तिथेच घालवणाऱ्यांचे प्रकरण निराळे. मॅडेलिन स्लेड 1925 मध्ये साबरमतीला येऊन मीराबेन झाल्या त्या दोन वर्षांच्या करारावर नव्हे. पण तो संन्यासाचा मार्ग आहे, आणि सगळ्यांना संन्यास सांगणारी नीती फार थोड्यांच्या कामी येते.

उरतो तो मूळ प्रश्न, अधिकार कोण देतो. कागदावर त्याचे उत्तर स्वच्छ आहे: पीस कोअर यजमान देशाच्या निमंत्रणावरूनच जाते आणि नको म्हटले की निघते. भारतातला तिचा कार्यक्रम 1961 मध्ये सुरू झाला आणि 1976 मध्ये संपला. राज्यसंस्था नकार देऊ शकते. खाली गावात आले की चित्र धूसर होते. स्वयंसेवक नेमण्याआधी संस्थेची माणसे गावी जातात, सरपंचाला आणि वडीलधाऱ्यांना भेटतात, हवा आहे का विचारतात, खोली आणि शौचालय पाहतात. होकार बैठकीतले पुरुष देतात. परातीत एक हात वाढणार, बाजरी थोडी जास्त कांडावी लागणार, पाणी एक बादली जास्त ओढावे लागणार, हे ज्या बाईच्या दिवसावर येऊन पडते तिला त्या बैठकीत बहुधा कोणी विचारलेले नसते. तिने पुढे सारलेला माशाचा तुकडा हा होकार आहे की शिष्टाचार, हे दोन वर्षांत ओळखता येण्याइतकी वोलोफ शिकणे, हे सेवकाच्या कामाच्या यादीत लिहिलेले नसले तरी पहिले काम आहे.